परदेशातला पहिला पगार आणि सल्लागाराची फी

प्रश्न : माझा मुलगा (वय २६) सप्टेंबरपासून लंडनला नोकरीला आहे. महिन्याला साधारण ५०० पौंड शिल्लक राहतात. इथे त्याचं बचत खातं, पीपीएफ आणि दोन एसआयपी मिळून ३ लाख रुपये आहेत. ओळखीतले एक सल्लागार वर्षाला २५,००० रुपये फी मागतात. आमच्या बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात, आम्ही हेच काम फुकट करतो. कोणाकडे जावं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : सध्या दोघांकडेही नको. ३ लाखांवर २५,००० म्हणजे ८.३ टक्के. गुंतवणूक वर्षाला १२ टक्क्यांनी वाढली, तरी त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा फीमध्ये जाईल. हीच फी ६० लाखांवर अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. सल्लागार चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. आधी रक्कम त्या फीला पेलते का, ते पाहायचं.

बँकेतले गृहस्थ सल्लागार नसतात, वितरक असतात. त्यांचं कमिशन फंडाच्या खर्चातून, म्हणजे तुमच्याच पैशातून, दरवर्षी वजा होत राहतं. मुलाचं म्युच्युअल फंडाचं एकत्रित स्टेटमेंट समोर घ्या. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ लिहिलं असेल आणि शेजारी एआरएनने सुरू होणारा क्रमांक (वितरकाचा नोंदणी क्रमांक) असेल, तर मध्ये वितरक आहे. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये त्याला किती रुपये मिळाले, तेही छापलेलं असतं. ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर हे कमिशन नाही. डायरेक्ट योजना जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत, तरी असंख्य घरांत आजही रेग्युलरच चालू असतात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलाला आत्ता सल्ल्यापेक्षा कागदपत्रं सरळ करण्याची गरज आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकी चलनाच्या कायद्याने माणूस अनिवासी होतो. आयकराची दिवस मोजायची पद्धत वेगळी, त्यात गल्लत करू नका. पहिलं काम, इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घेणं आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी वेगळं एनआरई खातं उघडणं. दुसरं, केवायसीमध्ये ‘अनिवासी’ अशी नोंद आणि परदेशातला पत्ता. तिसरं, एसआयपीचा बँक मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) नव्या खात्यावर. बहुतेकांचं इथेच चुकतं: खातं बदलतात, मँडेट जुन्याच खात्यावर राहतो, आणि हप्ते परत जाऊ लागतात. किंवा काहीच बदलत नाहीत आणि निवासी खात्यातून वर्षानुवर्षं एसआयपी चालू ठेवतात. फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हे ‘पुढच्या दिवाळीला आला की बघू’ असं ठेवू नका.

कोणता हप्ता कुठून जातो, याचीही नोंद ठेवा. एनआरईतून गुंतवलेले पैसे पुढे विनामर्यादा परदेशी नेता येतात. एनआरओतून गुंतवलेले कर भरून, आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत. पीपीएफ चालू ठेवता येतं, पण १५ वर्षं पूर्ण झाल्यावर मुदतवाढ नाही.

लंडनमध्येही पहिली दोन पावलं सल्लागाराशिवाय पडतात. २२ वर्षांवरच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त पगार असलेल्या नोकरदाराला कंपनीच्या पेन्शन योजनेत घालावंच लागतं. ठरलेल्या पगारावर किमान ८ टक्के जमा होतात, त्यातले किमान ३ टक्के कंपनीचे. पगार हातात जास्त यावा म्हणून यातून बाहेर पडणारी मुलं कंपनीचे पैसे सोडून देतात. त्याला हे आजच विचारा. त्यानंतर आयसा (ISA) हे तिथलं बचत-गुंतवणुकीचं खातं. त्यात वर्षाला एकूण २०,००० पौंडांपर्यंत टाकता येतात आणि वाढीवर तिथे कर नाही. भारताच्या आयकरात मात्र आयसाला वेगळी सवलत नाही, म्हणून कायमचं परत यायचं ठरलं की त्याआधी त्याचा विचार करावा लागेल.

एक ठिकाण असं आहे जिथे सल्ला विकत घ्यावाच. भारतीय म्युच्युअल फंडांना ब्रिटनमध्ये सहसा ‘रिपोर्टिंग’ दर्जा (तिथल्या करखात्याला उत्पन्न कळवणाऱ्या फंडाचा) नसतो, त्यामुळे त्यांच्यावरचा नफा तिथे भांडवली नफा न धरता उत्पन्न धरून जास्त दराने करपात्र होतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, पण ब्रिटनमध्ये नाही. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार आधीची दहा वर्षं ब्रिटनबाहेर राहिलेल्याला पहिली चार करवर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते; ती रिटर्नमध्ये मागावी लागते आणि त्या वर्षी तिथली मूळ करमुक्त मर्यादा सोडावी लागते. करवर्ष ६ एप्रिलला बदलतं. सप्टेंबरमध्ये गेलेल्याचं पहिलं वर्ष सात महिन्यांतच संपतं, म्हणून हाती साधारण साडेतीन वर्षंच उरतात. ती संपायच्या आत, दोन्ही देशांचा कर समजणाऱ्या माणसाला एकदाच फी देऊन तासभर बसा.

प्रश्न : मी बोरिवलीची, शारजाला नर्स आहे. एका ‘फायनान्शियल कन्सल्टंट’ने महिना १,५०० दिरहमची २५ वर्षांची बचत योजना सुचवली आहे. फी नाही म्हणतात. घ्यावी का?

उत्तर : सही करू नका. अशा योजनांत विकणाऱ्याचं कमिशन सुरुवातीच्या हप्त्यांतूनच वसूल होत असतं, म्हणून पहिल्या काही वर्षांत बाहेर पडलात तर भरलेल्या रकमेपैकी फार थोडी हाती येते. तुमचा नोकरीचा करार दोन-तीन वर्षांचा आणि हप्ता २५ वर्षांचा, ही जोडीच मुळात जमत नाही. त्यांना लेखी एकच विचारा: तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी योजना बंद केली तर हातात किती दिरहम येतील? तीन आकडे लिहून मिळाले नाहीत तर तिथेच थांबा. सही झालीच असेल, तर पॉलिसीतली ‘फ्री लुक’ मुदत (ज्यात पॉलिसी परत करता येते ती) आज पाहा.

अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तुमचं गणित लंडनवाल्यापेक्षा खूप सोपं आहे. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम तिथल्याच खात्यात. तीन-चार वर्षांत लागणारे पैसे एनआरई ठेवीत, किंवा रुपयाच्या घसरणीची चिंता असेल तर एफसीएनआर ठेवीत (१ ते ५ वर्षं, परकी चलनातच). त्यापुढचे पैसे एका साध्या इंडेक्स फंडाच्या (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या) डायरेक्ट योजनेत. एवढ्याला सल्लागार लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत. दादरचे सल्लागार भारतीय म्युच्युअल फंड सुचवतात. भारतात एकूण ४० लाख रुपये आहेत. त्यांचं ऐकावं का?

उत्तर : तुम्ही मात्र सल्लागार नेमा, पण दादरचा एकटा पुरणार नाही. अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी भारतीय म्युच्युअल फंड ‘पीएफआयसी’ (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो. त्यावर जाचक कर आहे, आणि सवलतीत बसत नसाल तर प्रत्येक फंडासाठी दरवर्षी ८६२१ क्रमांकाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. सहा फंडांचे सहा फॉर्म भरून द्यायची सीपीएची (तिथल्या सनदी लेखापालाची) फी कधीकधी नफ्याहून मोठी होते. अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. तुमचे ४० लाख त्यात नक्की येतात. म्हणून नवा फंड घेण्याआधी सीपीएला भेटा.

दादरच्या गृहस्थांना सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. तो ‘आयएनए’ अक्षरांनी सुरू झाला तर ते गुंतवणूक सल्लागार. एआरएन दाखवला तर वितरक. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. नोंदणीकृत सल्लागाराला ठरावीक फी एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांपर्यंतच घेता येते, आणि ज्या कुटुंबाला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही. फी नोंदणी ज्या नावाने आहे त्याच नावाच्या खात्यात भरा. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यात कधीच जात नाहीत. ते थेट फंडाकडे जातात. तसं कुणी मागितलं तर पैसे देऊ नका, आणि सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार नोंदवा.