चयापचय: यात पचन शोधू नका

प्रश्न असा आला आहे: ‘आहारतज्ज्ञ म्हणाल्या, तुमचं चयापचय मंद आहे म्हणून वजन उतरत नाही. पण माझं पचन तर उत्तम आहे. मग चयापचय म्हणजे नेमकं काय?’

पचन उत्तम आहे हे छानच, पण या शब्दात पचन नाहीच. मधला ‘पच’ तेवढा उचलायचा आणि पोट साफ करणाऱ्या चूर्णाच्या डबीवर ‘चयापचय सुधारते’ असं छापून मोकळं व्हायचं, हा उद्योग जोरात चालू आहे. काही जण तर थेट ‘चयपचय’ लिहितात. अहो, संधी सोडवा: चय अधिक अपचय. चय म्हणजे रचणं, साठवणं. अपचय म्हणजे झीज, घट. शरीरात सतत चाललेली ही घडण आणि मोडणी म्हणजे चयापचय, इंग्रजीत मेटाबॉलिझम. अपचन हा निराळा शब्द, अ अधिक पचन. तिथला धातू पच्, इथला चि.

पच् म्हणजे शिजवणं. त्याचा ग्रीक भाऊबंद ‘पेप्सिस’. त्यावरून जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वानने 1836 मध्ये जठररसातल्या विकराला (एन्झाइमला) पेप्सिन हे नाव दिलं. 1839 मध्ये पेशींतल्या रासायनिक बदलांना ‘मेटाबॉलिक’ हे विशेषण लावणाराही हाच श्वान. ‘मेटाबोले’ म्हणजे बदल. एकाच माणसाला दोन गोष्टींसाठी दोन शब्द लागले. आपल्याला मात्र एकातच भागवायचं असतं.

पण खरी गंमत चि मध्ये आहे. संचय, चिता, विटा रचून केलेली यज्ञवेदी म्हणजे चिति, हे सगळे त्याचेच. आणि ‘काय’, म्हणजे शरीर, हा शब्दही! पाणिनीने त्यासाठी खास सूत्रच दिलंय (3.3.41): निवास, चिति, शरीर वगैरे अर्थांत चि च्या च चा क होतो. म्हणजे आपली काया ही मुळात एक रचलेली रास. पुढे चरकावरच्या टीकेत चक्रपाणिदत्त ‘कायचिकित्सा’ (आयुर्वेदाची शरीरावरच्या उपचारांची शाखा) मधल्या ‘काय’चा अर्थ चक्क अंतरग्नी, म्हणजे शरीरातला अग्नी, असा देतो. माझं मत विचाराल तर हे उगाच नाही. वेदी रचायची ती अग्नीसाठीच. रास आणि आग ही जोडी या धातूला पहिल्यापासून चिकटलेली आहे. व्याकरणवाले याला ओढाताण म्हणतात. म्हणोत.

त्याहून ओढाताण हिंदीतल्या याच अर्थाच्या ‘उपापचय’ मध्ये आहे. उपचय (वाढ) आणि अपचय जोडताना पहिल्यातला चयच गिळून टाकला! तरी आपल्याकडचे काही पंडित ‘उपचय हाच शुद्ध, चय अपुरा’ म्हणून तिकडे बोट दाखवतात. चयाला उपसर्गाची कुबडी कशाला हवी?

आता वजनाचं. पेशीतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने मोकळी करतात आणि एटीपीच्या, म्हणजे पेशींना लगेच वापरता येणाऱ्या ऊर्जावाहक रेणूच्या, रूपात हाती देतात. दिवसभरात आपण साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी घडवतो आणि मोडतो. कोणत्याही क्षणी अंगात शिल्लक असतं ते काही तोळेच. चय आणि अपचय दोन्ही त्यात आले. म्हणून ‘वजन घटवण्यासाठी चयापचय वाढवा’ ही जाहिरात वाचली की मला पासबुक आठवतं: जमा आणि खर्च दोन्ही वाढवले तर शिल्लक कशी घटेल? म्हणायचं असतं ते ‘अपचयाचं पारडं जड करा’. 1930 च्या दशकात अमेरिकेत हे औषधाने करून पाहिलं गेलं. डायनायट्रोफिनॉल घेतलं की तंतुकणिकांतली ऊर्जा एटीपी न होता उष्णता होऊन उधळली जाते. वजन खरंच उतरलं. काहींना मोतीबिंदू झाला, काही अंगातल्या तापाने मेले. 1938 मध्ये ते बंद करावं लागलं.

‘तिशीनंतर चयापचय मंदावतो’ हेही असंच ऐकीव. 2021 मध्ये ‘सायन्स’ मध्ये 6,400 हून अधिक लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला: शरीराचा आकार हिशेबात धरला तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. थायरॉइड तपासून कोणी ‘मंद’ म्हटलं तर ऐकेन; नुसतं वजनकाट्याकडे बघून म्हटलं तर नाही.

आणि शब्द पुल्लिंगी आहे. चयापचय मंदावलं नाही, मंदावला. नपुंसकलिंगच हवं असेल तर खुशाल मेटाबॉलिझम म्हणा.