फेरेट खोकतोय, छातीत पाणी झालंय: बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

रावपुऱ्याहून एक ताई: पाच वर्षांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) आठवडाभर खोकतोय, एक्स-रेत छातीत पाणी दिसलं. न्युमोनियाच ना?

थांबा ताई, इतक्यात न्युमोनिया म्हणू नका. पाणी फुफ्फुसाच्या आत भरलंय की बाहेर पोकळीत साचलंय, ते आधी कळायला हवं. या वयात मला पहिला संशय हृदयाचा, ते फुगून सैल पडतं आणि मग पाणी साचतं, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्याच. फेरेटचं हृदय कुत्र्यामांजरापेक्षा बरंच मागे असतं, सहाव्या ते आठव्या बरगडीपाशी, नवा डॉक्टर कोपराजवळ स्टेथोस्कोप लावतो आणि ठोके नीट येत नाहीत म्हणतो, पण पाणी असेल तर ते जागेवरही दबकेच येतात! पोकळीत पाणी असेल तर सुईने काढतात, त्याने श्वासही मोकळा होतो आणि तपासायला नमुनाही मिळतो. पातळ, स्वच्छ निघालं तर बहुतेक हृदय, पू म्हणजे इन्फेक्शन, दुधासारखं असेल तर लिम्फ (शरीरातला एक द्रव) गळतंय, आणि कधीकधी त्यात लिम्फोमाच्या, म्हणजे एका कॅन्सरच्या, पेशी सापडतात. तेव्हा काढलेलं पाणी फेकू नका, लॅबला पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवा.

दांडिया बाजारातून एक काका: आमचा घराबाहेर जातच नाही, त्याला हार्टवर्म कसा होणार?

काका, तो जात नाही पण डास येतात ना! हृदयात वाढणारे हे जंत डासांमुळेच होतात. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठची मंडळी जाणतात. इवलंसं हृदय, एकदोन जंतही जीव घेतात, आणि इतके कमी जंत असले की रक्ताची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून इथेही इको. महिन्याचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

मांजलपूरचा एक कॉलेजकुमार: मला फ्लू झाला, तीन दिवसांनी तो शिंकायला लागला. माझ्यामुळे?

बहुतेक हो रे. 1933 साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा व्हायरस सापडला तो फेरेटमध्येच. मास्क लाव, लाड नंतर. स्वतःची पॅरासिटामॉल त्याला अजिबात देऊ नकोस, आणि हनुवटीवर खपल्या, तळवे कडक झालेले दिसले तर डिस्टेंपरची (एका जीवघेण्या व्हायरसच्या आजाराची) शंका, ताबडतोब डॉक्टर गाठ.

अलकापुरीहून: एक्स-रेआधी रात्रभर उपाशी ठेवू?

मुळीच नको! खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं आणि मोठ्या वयाच्या फेरेटची साखर झपकन उतरते. तो धापा टाकत असेल तर आधी ऑक्सिजन, एक्स-रे मागाहून, त्याला उताणं दाबून धरू देऊ नका. निघण्याआधी झोपेतले श्वास मिनिटभर मोजा, साधारण 33 ते 36 चालतात, आकडा लिहून न्या. आणि भर उन्हात रिक्षाने नाही हं, त्याला गरमी सोसत नाही, सकाळीच निघा.