मजुरी, माग आणि बाहेरचा माल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. मजुरीवाढ मागितली की मालक म्हणतात, चीन-बांगलादेशचा स्वस्त माल आल्यामुळे आम्हालाच परवडत नाही. हे खरे की बहाणा?

दोन्हींचा अंश आहे. कुठे खरे आणि कुठे बहाणा, हे मीटरमागच्या पैशांत मांडल्यावरच दिसते. खालचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या सॉर्टचे (कापडाच्या प्रकाराचे) आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करा.

५२ पिकांचे कापड, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे, धरू, कारण तुमच्याकडे मजुरीचा पायाच ५२ पिकांचा. एका मीटरला ३९.३७ इंच, म्हणजे सुमारे २,०४७ पिके. साधा माग मिनिटाला १२० पिके टाकतो आणि ८० टक्के वेळ चालू राहतो असे धरले, तर तासाला २.८ मीटर आणि बारा तासांच्या पाळीला ३३-३४ मीटर कापड पडते. आठ माग सांभाळणाऱ्या कामगाराचे पाळीला सुमारे २७० मीटर झाले. मीटरला दीड रुपया मजुरी असेल, तर ४०५ रुपये.

आता हेच कापड व्यापाऱ्याच्या बाजूने पाहा. कोऱ्या (न धुतलेल्या, न रंगवलेल्या) कापडाचा भाव मीटरला ४० रुपये, त्यात सूत १२० ग्रॅम. सुताचा दर किलोला २४० रुपये धरला, तर २८ रुपये ८० पैसे नुसत्या सुताचे. विणकराची मजुरी दीड रुपया, म्हणजे भावाच्या चार टक्क्यांहून कमी. मजुरी दहा टक्के वाढली तर कापड १५ पैशांनी महागते. सूत किलोला पाच रुपयांनी हलले तर ६० पैशांनी, आणि सुतात असा फरक पडायला एखादा आठवडा पुरतो. तेव्हा चीनच्या मालापुढे हे कापड टिकत नसेल, तर दोष त्या १५ पैशांना देता येणार नाही.

पण तुमचे मालक बहुधा खर्चीवाले असतील. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, यांचा फक्त माग. त्यांना पिकाला १२ पैसे मिळत असतील, तर ५२ पिकांच्या मीटरला ६ रुपये २४ पैसे हाती येतात. त्यातून तुमची मजुरी, कांडीवाला, जॉबर, वहिफणी, घडीवाला, दिवाणजी, वीज, सुटे भाग, शेडचे भाडे. या सहा रुपयांत तुमचा दीड रुपया म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणून १५ पैसे त्यांना खरोखर बोचतात. कामगार आणि खर्चीवाला सहा रुपयांवरून भांडतात, उरलेल्या चौतीस रुपयांचे निर्णय सूत आणि बाजार ज्यांच्या हातात आहे ते घेतात. महागाई भत्त्याप्रमाणे मजुरी वाढते तेव्हाच पिकाचा दरही वाढायला हवा, ही मागणी दोघांनी मिळून व्यापाऱ्याकडे नेली तर तिला अर्थ आहे. एकमेकांकडे नेऊन फार काही निघत नाही.

प्रश्न : साधे माग मोडीत काढून एअरजेट घ्यावेत का? चीनमध्ये सगळे तेच आहेत असे ऐकतो. (यंत्रमागधारक, विटा)

एअरजेट म्हणजे धोट्याऐवजी हवेच्या झोताने आडवा धागा टाकणारा माग. वेग पाहिला तर मोह होणारच. मिनिटाला ८०० पिके आणि ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर त्याच ५२ पिकांच्या कापडाचे तासाला २१ मीटर निघतात. एक कामगार बारा माग पाहतो. त्याला पाळीला ९०० रुपये दिले, म्हणजे साध्या मागाच्या दुपटीहून जास्त, तरी मजुरी मीटरला ३० पैशांवर येते. चढ्या पगाराचा कामगार स्वस्त कापड विणतो, तो असा.

मात्र भांडवलाचा हिशेब आधी करा. एका मागाला काँप्रेसरच्या वाट्यासह ३० लाख रुपये धरू. दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची परतफेड म्हटली, तर पहिल्या वर्षी व्याजाचे ३ लाख आणि मुदलाचे सुमारे ४ लाख २९ हजार. रोज २२ तास आणि वर्षाला ३३० दिवस माग चालला, तर दीड लाखाच्या आसपास मीटर. भागाकार केला की मीटरला पावणेपाच रुपये येतात. मजुरीत वाचला सव्वा रुपया, बँकेला गेले पावणेपाच. दाबाखालची हवा लागत असल्याने विजेतही बचत होईलच असे नाही. वीजसवलत २७ अश्वशक्तीच्या आत आणि वर वेगळी आहे, तेव्हा जोडभार वाढवण्याआधी आपण कोणत्या गटात जाऊ हे पाहून घ्या.

म्हणून साध्या कोऱ्या कापडासाठी एअरजेट घेऊ नका. ज्या गिऱ्हाईकाला लांब, निर्दोष ताके लागतात आणि जो त्याचे पैसे देतो, तो आधी पक्का करा. असा खरेदीदार फोर पॉइंट पद्धतीने कापड तपासतो : तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, सहापर्यंत २, नऊपर्यंत ३, त्याहून लांब दोषाला ४. शंभर चौरस यार्डांत ४० गुणांच्या वर गेलेला ताका सहसा परत येतो. आपला चालू माल या पद्धतीने मोजून पाहा. बहुतेक गुण माग थांबून पुन्हा सुरू होताना पडणाऱ्या पट्ट्यांचे आणि आडवा धागा तुटूनही माग चालत राहिल्याचे निघतील. ते कमी करायला नवा माग लागत नाही. आडव्या आणि उभ्या धाग्यासाठी स्टॉप मोशन (धागा तुटताच माग थांबवणारी), सेमी-पॉझिटिव्ह लेट-ऑफ (उभे धागे बेताने सोडणारी), चांगला ब्रेक आणि अँटी-क्रॅक (थांबण्याच्या पट्ट्या टाळणारी) यंत्रणा जुन्या मागावर बसते. केंद्राच्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागांच्या सुधारणेसाठी हेच भाग धरले होते.

याच्या मधली पायरी म्हणजे रेपियर, पट्टी किंवा दांड्याने आडवा धागा ओढून नेणारा माग. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मिनिटाला ६५० मीटरखालील (कापड नव्हे, आडवा धागा टाकण्याचा वेग) रेपियर आणि १,००० मीटरखालील एअरजेट मागांवरचे ७.५ टक्के आयातशुल्क शून्य केले. जुना रेपियर घेत असाल तर विक्रेत्याच्या शेडमध्ये आपले बीम (उभ्या धाग्यांचे रूळ) चढवून दोन पाळ्या चालवून घ्या आणि सर्किट बोर्डाचे सुटे भाग देशात मिळतात का ते विचारा. बोर्ड गेला आणि मिळाला नाही, की माग भंगाराच्या भावाचा होतो.

प्रश्न : सोलापुरात आमचा गणवेशाचा कारखाना आहे. बांगलादेशी कारागिराचा पगार आमच्यापेक्षा कमी, शिवाय त्यांचा माल बिनशुल्क येतो. स्पर्धा करायची कशी?

विणकामात मजुरी किरकोळ ठरते, शिवणकामात तसे नाही. इथे तुमची तक्रार योग्य आहे.

बांगलादेशात तयार कपड्यांच्या उद्योगातले किमान वेतन १ डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टाका आहे, त्याआधी ८,००० होते. २६ दिवस आठ तास म्हणजे १२,४८० मिनिटे. हिशेब सोपा झाला : मिनिटाला एक टाका. (ही तळाची श्रेणी, कसबी कारागिराला जास्त मिळते.) अर्ध्या बाहीच्या गणवेशाच्या शर्टाला प्रमाण वेळ, म्हणजे न थांबता शिवायला लागणारा ठरलेला वेळ, १६ मिनिटे धरू. लाइनची कार्यक्षमता ५० टक्के असेल तर प्रत्यक्षात ३२ मिनिटे, म्हणजे ३२ टाका. टाकाला ७२ पैसे धरले तर २३ रुपये.

तुमच्याकडे पगार १३,००० आणि मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी व ईएसआय मिळून साधारण १५,१०० झाले, तर मिनिटाला १ रुपया २१ पैसे. कार्यक्षमता ४० टक्के असेल तर शर्टाला ४८ रुपये, ५५ टक्के असेल तर ३५. पगाराला हात न लावता पंचवीस रुपयांचा फरक बारावर येतो.

कार्यक्षमता मोजायची रीत अशी : दिवसाचे नग गुणिले प्रमाण मिनिटे, भागिले कारागीर गुणिले कामाची मिनिटे. वीस कारागीर, ४८० मिनिटे, २४० शर्ट : ४० टक्के. ५५ टक्क्यांसाठी ३३० शर्ट निघाले पाहिजेत. गणवेशात गाडी अडते ती बहुधा कॉलरवर आणि काज-बटणावर. तिथे गठ्ठे साचतात आणि पुढच्या मशीन रिकाम्या बसतात. पन्नास नगांच्या गठ्ठ्याऐवजी दहा-बाराचा करा, कॉलरवर एक जास्तीचा हात द्या, आणि शाळेप्रमाणे लाइन बदलण्याऐवजी धाग्याच्या रंगाप्रमाणे बदला. सर्वांत मोठी गळती मात्र हंगामाची. जूनपूर्वी भरती आणि पावसाळ्यात सुट्टी, असे दरवर्षी चालले तर दर एप्रिलला नवशिक्यांपासून सुरुवात. पावसाळ्यानंतर हॉटेल, रुग्णालये, सुरक्षा कंपन्या यांचे गणवेश घेऊन निम्मे कारागीर तरी टिकवा. त्यात नफा कमी सुटला तरी एप्रिलमध्ये वसूल होतो.

बिनशुल्क मालाबद्दल. अतिअविकसित देश म्हणून बांगलादेशाला ही सवलत साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ४६ वस्त्रवस्तू मोकळ्या झाल्या आणि त्याच नोव्हेंबरात दारू-तंबाखूच्या २५ वस्तू सोडून बाकी सगळे. अट अशी की मालाचे चार अंकी शुल्कशीर्षक बदलले पाहिजे आणि ३० टक्के मूल्यवर्धन तिथे झाले पाहिजे. चिनी कापडाचा शर्ट शिवला की शीर्षक आपोआप बदलते, त्यामुळे चिनी कापड या वाटेने कायदेशीरपणे येऊ शकते. पळवाट असेल तर ३० टक्क्यांच्या आकड्यात. २०२० च्या कॅरोटार नियमांनुसार (व्यापार करारांखालच्या मालाचा मूळ देश तपासण्याचे कस्टम्सचे नियम) आयातदाराने मूळ देशाविषयीचा तपशील स्वतः बाळगून पाच वर्षे जपायचा असतो आणि कस्टम्स तो मागू शकते. संशय असेल तर तक्रार याच मुद्द्यावर करा. 'स्वस्त येते' एवढ्यावर कुणी फाइल उघडत नाही.

१७ मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून बंद आहेत, त्यांना फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून यायची मुभा दिली गेली. त्याने मालाचा वेळ आणि भाडे वाढले, शुल्क वाढले नाही. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्या भरवशावर आज दर ठरवू नका.

प्रश्न : चिनी कापडावर अँटी-डंपिंग शुल्क लावा, अशी मागणी आमची संघटना करते आहे. प्रत्यक्षात काय करावे लागते? (भिवंडी)

निवेदन देऊन फोटो काढणे हा त्याचा भाग नव्हे. अर्ज वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरकडे (व्यापार उपाय महासंचालनालय), १९९५ च्या नियमांखाली करायचा असतो. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशाच्या त्या मालाच्या उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवे, आणि मत नोंदवणाऱ्यांपैकी पाठिंब्याचे उत्पादन विरोधापेक्षा जास्त हवे. मग तीन गोष्टी सिद्ध करायच्या : माल त्यांच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावाने येतो, तुमचे नुकसान झाले, आणि ते त्यामुळेच झाले. फरक दोन टक्क्यांखाली असेल तर चौकशी संपते. एरवी ती वर्षभर, फार तर दीड वर्ष चालते. शुल्क लागले तर साधारण पाच वर्षांसाठी लागते.

यंत्रमागवाले अडकतात ते नुकसानीच्या पुराव्यात. मीटरमागचा खर्च, विक्री, साठा, कामगारसंख्या वर्षागणिक कागदावर दाखवावी लागते. एकाच शेडमधले माग चार नावांवर आणि निम्मी खर्ची रोखीत असेल, तर दाखवणार काय? सुरुवात लहान ठेवा. मालाचा आठ अंकी एचएसएन (शुल्कवर्गीकरणाचा) क्रमांक नक्की करा, वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेवारीतून त्या क्रमांकाचे वजन आणि मूल्य काढा, किलोचा भाव काढा आणि त्याच महिन्यातल्या सुताच्या भावाशेजारी ठेवा. तयार कापड सुताहून स्वस्त दिसले, तर प्रश्न डंपिंगपेक्षा कमी किमतीच्या बिलांचा असू शकतो. तो कस्टम्सच्या मूल्यांकन नियमांत जातो आणि लवकर तपासता येतो.

कृत्रिम धाग्याच्या काही विणीव (निटेड) कापडांवर मार्च २०२४ मध्ये किलोला साडेतीन डॉलर किमान आयातमूल्य ठरवले गेले. आधी पाच शुल्कओळी (आठ अंकी क्रमांकाचे वर्ग) होत्या, पुढे तेरा कराव्या लागल्या, कारण एक ओळ बंद केली की माल शेजारच्या ओळीने येऊ शकतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ ओळींवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतले जास्त असेल ते शुल्क आले. ते याच दुखण्यावरचे : बिल कमी दाखवले तरी वजन लपवणे अवघड.

एक सावधगिरी. शुल्क धाग्यावर लागले तर मार तुम्हालाच बसतो. व्हिस्कोस तंतूवरचे अँटी-डंपिंग शुल्क ऑगस्ट २०२१ मध्ये उठले, तोवर त्याचे ओझे सूत काढणाऱ्यांकडून विणणाऱ्यांकडे येत होते. संघटनेत सूतगिरण्या आणि यंत्रमागधारक दोघे असतील तर कोणत्या मालावर मागणी करायची, हे आधी आपसात मिटवा.

प्रश्न : मुंबईच्या गिरण्या परदेशी मालाने बुडाल्या का?

नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा परदेशी कापडाला देशाचे दार जवळजवळ बंदच होते. गिरण्यांचे विणकाम भिवंडी, इचलकरंजी, सुरतच्या यंत्रमागांवर संपाआधीच सरकू लागले होते, संपाने तो ओघ पक्का केला. पुढे जमिनीचा भाव कापडाच्या कितीतरी पुढे गेला.

प्रश्न : कारखाना बंद होतो आहे. बारा वर्षे पिकावर काम केले, हाती काय मिळेल?

पिकाच्या दराने मजुरी घेणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी लागू आहे, मात्र आस्थापनेत दहा किंवा जास्त कामगार असावेत. शेवटच्या तीन महिन्यांच्या मिळकतीची सरासरी काढा, जादा कामाचे पैसे वगळा. महिना १५,००० आले तर १५,००० × १५ ÷ २६ × १२ = १,०३,८४६ रुपये. कामगारकपातीची भरपाई वेगळी : पूर्ण केलेल्या दर वर्षाला १५ दिवसांची सरासरी मजुरी, शिवाय महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांची मजुरी पुनर्कौशल्य निधीत भरायची तरतूद आहे. ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची असते.

दावा अडतो तो पुराव्यावर. मालक 'आमच्याकडे सातच माणसे' म्हणतात, कारण शेड दोन-तीन नावांवर असते. वीजमीटर एक आहे का, हजेरी एकच दिवाणजी घेतो का, पगार एकाच ठिकाणी होतो का, हे टिपून ठेवा. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड, बँक खात्यातल्या नोंदी यांचे फोटो काम चालू असतानाच काढून घ्या. 'सर्व येणे मिळाले' असा मजकूर असलेल्या कागदावर रक्कम आणि तारीख लिहिल्याशिवाय सही करू नका.