आईच्या एका डोळ्यातून सतत पाणी येतं, कोपरा दाबला की पू येतो. थेंब बंद केले की परत येतं. डॉक्टर डीसीआर, म्हणजे अश्रुपिशवीतून नाकात नवी वाट करायचं ऑपरेशन, म्हणतात. नुसत्या थेंबांवर भागणार नाही का?

नाही भागणार. तुम्हीच लिहिलंय की थेंब चालू असले की बरं असतं, बंद केले की परत येतं. येणारच. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी खाली तुंबलीय आणि वरच्या पिशवीत पाणी साचून नासतंय. थेंब जंतू कमी करतात, नळी उघडत नाहीत. आमच्याकडं याला लासरू म्हणतात. लासरू म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण त्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आत्याचं घर पन्हाळ्याच्या बाजूला, घरचं गुऱ्हाळ. हंगाम सुरू झाला की ती चुलवाणापाशी चिपाडं ओढायला. डावा डोळा कायम पाझरायचा, पदर सारखा डोळ्याला. सगळ्यांचं निदान एकच, धूर. मी विचारायचो, धूर काय एकाच डोळ्यात जातो व्हय? त्यावर थोरले काका म्हणायचे, "कोल्हापुरात बसून आमास्नी गुऱ्हाळ शिकवू नगंस."

मग तिला मोतीबिंदूच्या शिबिराला नेलं. डॉक्टरबाईंनी नाक आणि डोळ्याच्या मधल्या खाचेत बोटानं दाबलं. पापणीच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून पिवळट दाट पू वर आला. मी शेजारीच उभा होतो. मग खालच्या भोकातून बोथट सुईनं पाणी सोडलं आणि विचारलं, "आजी, घशात काही उतरलं का?" आत्या म्हणाली, "न्हाई बाई, गालावरनं चाललंय." पाणी वरच्या भोकातून उलटं बाहेर येत होतं. बाईंनी सांगितलं, आधी लासरूचं बघा, मोतीबिंदू नंतर. बरोबरच होतं त्यांचं. पिशवीत पू असताना मोतीबिंदू काढायला डोळा उघडला तर जंतू आत शिरून अख्खा डोळा जाऊ शकतो. काकांनी मात्र गावभर केलं की वशिला नाही म्हणून म्हातारीला परत धाडली.

ऐन हंगामात नाकाशेजारी लालबुंद सूज आली, हात लावू देईना, अंगात ताप. अशा वेळी तोंडावाटे किंवा सुईनं अँटिबायोटिक लागतं, पू साचला असेल तर तो डॉक्टरनं काढायचा. काकांनी भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. ते फुटलं, ठणका थांबला, काका जिंकले. पण फुटलेल्या जागी पडलेलं भोक काही बुजेना. आत्या जेवायला बसली की गालावरून पाणी ताटात. शेवटी मी आणि आत्तेभावानं तिला उचलून शहरात आणलं. आधी गोळ्या, सूज पुरती उतरल्यावर डीसीआर, त्यानंतर मोतीबिंदू. आता चुलवाणापाशी गेली तर तिचे दोन्ही डोळे सारखेच पाणावतात.

तरीही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत काकांचं चालूच, "पू माझ्या पोटिसानं काढला, डॉक्टरनं बिल काढलं." पू निघाला हो काका, नळी कुठं उघडली?

तर डीसीआर. नाकाच्या बाजूचं थोडं हाड काढून अश्रुपिशवी थेट नाकात उघडतात, तुंबलेली नळी तशीच सोडून देतात. हे काही कालपरवाचं फॅड नाही, इटलीतल्या टोटींनी १९०४ साली ते मांडलं. बाहेरून छोटा छेद घेऊन होतं, नाहीतर दुर्बिणीनं नाकातून होतं, मग चेहऱ्यावर व्रण नाही. कधी आत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात आणि काही आठवड्यांनी काढतात. बहुतेकांचं पाणी थांबतं. फार थकलेल्या माणसाची कधी नुसती पिशवीच काढतात. त्यानं पू थांबतो, पाणी मात्र येत राहतं, हे आधीच विचारून घ्या.

आणि तुमची आई शेतात जात असेल तर मुळीच रेंगाळू नका. आपल्याकडं उसाचा पाला बुबुळाला लागणं रोजचंच. एरवी तशी खरचट बहुतेकदा भरून येते, पण शेजारी पूची पिशवी असली तर तिथं जखम चिघळून फूल, म्हणजे पांढरा डाग, पडू शकतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळं ऑपरेशन कुठलं ते तुमच्याच डॉक्टरांना ठरवू द्या. बाळाचं प्रकरण वेगळं असतं. नळीच्या तोंडाशी पडदा राहिलेला असतो, पिशवीवर मालिश करून वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप सुटतं. ती मालिश आईला करत बसू नका. अश्रूत रक्त दिसलं किंवा गाठ डोळ्याच्या कोपऱ्याच्या वर चढलेली असली तर स्कॅन करून घ्यावा लागतो, ते साधं लासरू नसूही शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा. आत्यानं ती लपवली होती आणि ऑपरेशन पुढं गेलं. कुणी लपवायला सांगितली होती ते तुम्हीच ओळखा.