जुन्या गाडीचा मूळ डायनामो कुठे शोधावा आणि तो दुरुस्त होतो का?

तुमच्या गाडीवर आधीच्या मालकाने अल्टरनेटर चढवलाय आणि तुम्हाला मूळ डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र, ज्याची जागा पुढे अल्टरनेटरने घेतली) परत आणायचाय. तो शोधायचा कसा, आणि मिळालेला बंद निघाला तर काय, असं तुम्ही विचारलंय. बंद निघाला तरी घाबरायचं कारण नाही. कार्बन (आतल्या फिरत्या भागावर घासणारे ब्रश), बुश, बेअरिंग, फील्ड कॉइल (बॉडीला आतून बसवलेली स्थिर गुंडाळी), आर्मेचरचं म्हणजे फिरत्या भागाचं वाइंडिंगसुद्धा, सगळं नव्याने करता येतं. नव्याने होत नाही ती बॉडी, तिची दोन टोकांची झाकणं आणि तिच्यावरचा नंबर. म्हणून "चालू कंडिशन"च्या मागे लागू नका, बरोबर नंबरच्या मागे लागा.

नंबर गाडीच्या त्या वर्षाच्या पार्ट्स बुकात सापडतो. ल्यूकस या इंग्लिश कंपनीच्या डायनामोवर मॉडेल (सी39, सी40, सी45 वगैरे), पार्ट नंबर आणि तारखेचा आकडा बॉडीच्याच पत्र्यात ठोकलेला असतो. डेल्को-रेमी आणि ऑटो-लाइट या अमेरिकन कंपन्यांच्या डायनामोवर रिव्हेट केलेला छोटा बिल्ला असतो. तारीख गाडी तयार झाली त्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर तो डायनामो नंतर कधीतरी बदललेला आहे. विकणारा बिल्ल्याचा स्वच्छ फोटो पाठवत नसेल तर पुढे बोलूच नये. बिल्ल्यावर चार थर रंग असला तरी तारेचा ब्रश मारायचा नाही. रंग काढायचं द्रव्य लावून लाकडी काडीने हळूहळू उचलायचा.

बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन डायनामो आतून वेगळे असू शकतात. सगळ्यात जास्त फसगत फिरण्याच्या दिशेवरून होते: एकच बॉडी, पण एक पुलीच्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा आणि दुसरा उलटा. व्होल्टेज तर तपासाच. विलीसच्या युद्धकाळातल्या जीपवर ऑटो-लाइटचा 6 व्होल्टचा डायनामो होता, पण डॉज ब्रदर्सने 1914 पासूनच 12 व्होल्टची नॉर्थ ईस्ट कंपनीची सिस्टिम वापरली आणि तिथे स्टार्टर आणि डायनामो एकच यंत्र होतं. एमजी टीडीच्या डायनामोच्या मागच्या टोकाला रेव्ह काउंटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याचा) ड्राइव्ह लागतो, त्यामुळे कुठलाही सी39 तिथे चालत नाही. 1928 च्या फोर्ड मॉडेल एवर सुरुवातीला बसलेला जाडजूड डायनामो, ज्याला अमेरिकेतले लोक पॉवरहाउस म्हणतात, नंतरच्या लांबट डायनामोपेक्षा पूर्ण वेगळा आहे. मॉडेल टीला तर 1919 पर्यंत डायनामोच नव्हता, फक्त फ्लायव्हीलवरचा मॅग्नेटो (चुंबकांवर वीज तयार करणारं यंत्र).

शोधायची जागा म्हणाल तर सगळे जुन्या सुट्या भागांच्या मोठ्या मेळ्यांकडेच धावतात. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी आणि इंग्लंडमधलं ब्यूलीचं ऑटोजंबल दोन्ही खरोखर चांगली आहेत. पण माझ्या मते त्याआधी त्या मॉडेलच्या मालकांचा क्लब आणि जुना वाइंडर (मोटर-डायनामोच्या तारा नव्याने गुंडाळणारा), हे दोन दरवाजे ठोठवा. वाइंडरच्या दुकानात लोकांनी टाकून दिलेल्या बॉड्या पडून असतात. त्याच काळातले ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्याही विसरू नका. कंपन्या एकच डायनामो अनेकांना पुरवत.

प्रत्यक्ष हातात आल्यावर मागे पत्र्याचा पट्टा असेल तर आधी तो सोडवून आत बघा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चांदीसारखे बारीक ठिपके गोलाकार चिकटलेले दिसले, तर ते कम्यूटेटरवरून (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर कार्बन घासतात) उडालेलं सोल्डर आहे. म्हणजे डायनामो कधीतरी प्रमाणाबाहेर तापला होता आणि वाइंडिंगचा खर्च धरूनच भाव करायचा. कम्यूटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांपैकी एखादीच काळी, खाल्लेली असेल, तर बहुधा तिथली तार तुटलेली आहे. नुसता सगळीकडे सारखा काळपटपणा असेल तर ती घाण आहे, काळजी नको.

उघडण्याआधी त्याला मोटर म्हणून फिरवून बघा. ल्यूकसच्या डायनामोत फील्डचं एक टोक आतून अर्थ (बॉडीला जोडलेलं) असतं, म्हणून डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) ही टर्मिनलं जोडून बॅटरीचं एक टोक तिथे आणि दुसरं बॉडीला. डेल्को-रेमी आणि ऑटो-लाइटच्या बहुतेक डायनामोंत बॅटरी आर्मेचरच्या टर्मिनलला द्यायची आणि एफ बॉडीला जोडायचा. सावकाश पण एकसारखा फिरला तर आतलं बहुतेक सगळं शाबूत आहे.

कम्यूटेटर लेथवर घेताना तांबं जेमतेम साफ होईल एवढंच घ्यायचं. मग पट्ट्यांमधला अभ्रक सुमारे 0.8 मिलिमीटर खाली कोरायचा. इथे घाई केली की नवे कार्बनसुद्धा झटकन झिजतात. शेवटचा हात बारीक काचपेपरचा. एमरी अजिबात नको, तिचे कण खाचांत अडकून बसतात. आर्मेचर ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर) ठेवून वर हॅकसॉचं पातं धरा. पातं थरथरलं तर वाइंडिंग शॉर्ट आहे. फील्ड कॉइलची कापडी पट्टी कुजलेली असेल, पण तार चांगली असेल, तर कॉइल न उलगडता जुनी पट्टी काढून नवी सुती पट्टी गुंडाळायची आणि वार्निश पाजून भट्टीत सुकवायचं. सी40 च्या फील्डचा रेझिस्टन्स 6 ओमच्या आसपास येतो. मागचा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, तो बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा.

गाडीवर चढवल्यावर पोलॅरिटी द्यायला, म्हणजे डायनामोचे प्लस-मायनस गाडीशी जुळवायला विसरू नका, विशेषतः पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत. ल्यूकसला एफची तार काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची तार दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. डेल्को आणि ऑटो-लाइटला रेग्युलेटरवरच (डायनामोचं आउटपुट आवरणाऱ्या डबीवर) बॅटरी आणि आर्मेचरची टर्मिनलं क्षणभर जोडतात. फोर्डचं वेगळं: आधी फील्डची तार रेग्युलेटरमधून काढायची, नाहीतर त्याचे पॉइंट जळतात.

मग ल्यूकससाठी ही चाचणी करा: दोन्ही तारा काढा, डी आणि एफ जोडा, व्होल्टमीटर तिथे आणि बॉडीला लावा, आणि इंजिन हळूहळू वाढवा. काटा न अडखळता चढला पाहिजे. 20 व्होल्टला थांबा. काहीच रीडिंग नाही तर कार्बन बघा, अर्धा ते एक व्होल्ट आलं तर फील्ड, चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर.

तीन कार्बनचा जुना डायनामो असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. त्याचं नियंत्रण बॅटरी जोडलेली असण्यावरच टिकून असतं. बॅटरी काढून इंजिन चालवलं की व्होल्टेज सुसाट वाढतं आणि डायनामो स्वतःलाच जाळून घेतो. बॅटरीशिवाय चालवायचीच वेळ आली तर डायनामोचं आउटपुट टर्मिनल जाड तारेने अर्थ करा.

डायनामोच्या आकाराचे अल्टरनेटरही मिळतात. रात्री फार फिरणार असाल तर तो मार्ग वाईट नाही, पण त्यासाठी मूळ बॉडी कापू नका. आणि आत्ता गाडीवर असलेला अल्टरनेटर त्याच्या ब्रॅकेटसकट जपून ठेवा. डायनामो वाइंडरकडे असेल तेव्हा गाडी त्याच्यावर चालेल.