डगआउटमधला खड्डा कुठे गेला?

प्रश्न असा आलाय की आयपीएलच्या कॉमेंट्रीत सारखं 'डगआउट, डगआउट' म्हणतात, तर त्यातला 'डग' म्हणजे खणणंच का आणि मराठीत याला काय म्हणावं. प्रश्नकर्त्यांच्या घरात 'लांब डग टाकत आउट होऊन येतात ते डगआउट' अशी व्युत्पत्ती झालीये म्हणे. मला ती जाम आवडली, पण खरी नाही.

खणणंच आहे ते. डिग-डग मधला डग, म्हणजे खणून किंवा कोरून काढलेलं. आधी हा शब्द एकाच ओंडक्यात कोरलेल्या होडीला होता, मग अमेरिकेत टेकाडात खणून केलेल्या घरांना लागला, पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खंदकात खणलेल्या आडोशांना लागला, आणि बेसबॉलवाल्यांनीही तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उचलला. फुटबॉलमध्ये मात्र पहिला डगआउट स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन क्लबच्या मैदानावर झाला असं मानतात. मैदानाचं नाव पिटॉड्री.

उत्तर समुद्राच्या अगदी काठावर आहे हे पिटॉड्री, वारा असा की बोलायची सोय नाही. 1899 पासून तिथे खेळतायत, आत्ताचा क्लब 1903 चा, गावातले तीन क्लब एकत्र करून झालेला. या क्लबचा जुना खेळाडू डोनाल्ड कोलमन 1930 च्या दशकात तिथे ट्रेनर होता. या माणसाला बॉक्सिंग आणि नाच दोन्हीचा नाद, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष खेळाडूंच्या पायांवर, पाय कुठे पडतो, कसा वळतो, आणि हे सगळं तो वहीत टिपून ठेवायचा. आता उभं राहून पाय नीट दिसत नाहीत आणि पावसात वही भिजते, म्हणून याने मैदानाच्या कडेला जमिनीच्या पातळीखाली बसता येईल असा छपराचा खड्डा करून घेतला, म्हणजे नजर थेट बुटांच्या उंचीला! पुढे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचा संघ तिथे खेळायला आला, त्यांना ही आयडिया आवडली, त्यांनी आपल्या मैदानावर तसाच केला आणि मग तो इंग्लंडभर पसरला. म्हणजे शब्द काही कोलमनचा नाही, पण फुटबॉलचा खड्डा त्याचाच.

आता यातली गंमत. पिटॉड्रीमधला 'पिट' बघून वाटतं की हा इंग्रजी पिट म्हणजे खड्डा असणार, डगआउटशी जुळतंय पण छान. तर नाही! हा 'पिट' स्कॉटलंडमधल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या लुप्त झालेल्या केल्टिक भाषेतला 'पेट', अर्थ जमिनीचा तुकडा, वाटा, आपल्या वतनाच्या कागदांतली तक्षीम म्हणा हवं तर. पिटलॉख्री, पिटनवीम, पिटमेडन अशी ढीगभर गावं आहेत स्कॉटलंडच्या पूर्व भागात. ॲबर्डीनशरमधल्या डीअर मठाच्या हस्तलिखितात बाराव्या शतकातल्या जमीनदानाच्या नोंदी आहेत, त्यात हा 'पेट' येतो. आणि इंग्रजीतला 'पीस' फ्रेंचमधून आलाय, तो बहुधा याच केल्टिक घराण्यातला, म्हणजे आपला ब्लाउजपीस पिटॉड्रीचा लांबचा चुलतभाऊ लागतो. (कृपया इथे कुणी पेठ आणि पट्टी आणू नका, नुसत्या आवाजावरून नाती लागत नाहीत.)

पिटॉड्री म्हणजे 'शेणखताची जागा', कारण तिथे पूर्वी पोलिसांच्या घोड्यांच्या लिदीचा उकिरडा होता, असंही फुटबॉलवाले हौसेने सांगतात. उकिरडा असेलही. पण बेनाखी डोंगराच्या पायथ्याशी पिटॉड्री नावाची जुनी इस्टेट आहे, ती ॲबर्डीन शहरापासून बरीच आत, तेव्हा शहरातल्या उकिरड्यावरून हे नाव पडलं हे मला पटत नाही.

थोडक्यात पिटॉड्रीच्या नावात खड्डा दिसतो पण नाहीये, आणि डगआउटच्या नावात खड्डा आहे पण आयपीएलमध्ये कुणी खणलेला नाही, सीमारेषेबाहेर सपाट जमिनीवर खुर्च्या आणि वर छप्पर. फुटबॉलमध्येही आता बहुतेक ठिकाणी असंच.

मग मराठी शब्द? 'खंदक' नको, एकदम युद्धच सुरू होतं. 'राखीव खेळाडूंचा बाक' फुटबॉलला चालेल, पण टी-20 मध्ये पॅड बांधून बसलेला पुढचा बॅट्समन काही राखीव नसतो, शिवाय कोच पण तिथेच. आपल्या पेपरवाल्यांनी 'फलंदाज तंबूत परतला' हे केव्हाच रुळवून ठेवलंय. आता पॅव्हेलियन म्हणजे मुळात तंबूच, आणि तो शब्द लॅटिनमधल्या फुलपाखरावरून आलाय, तंबूचे पडदे पंखांसारखे पसरतात म्हणून. वानखेडेवर कुठला आलाय तंबू, तरी आपण लिहितोच ना! तेव्हा आउट होऊन आलेला माणूस डगआउटमध्ये बसला तरी तो 'तंबूत परतला' असं बिनधास्त लिहा, आणि कोच तिथून हातवारे करत असेल तर सरळ 'डगआउटमधून' लिहा.