वाचकांचे प्रश्न : पसरलेले शहर आणि मध्यभागातले मनोरे

प्रश्न : शहर चहूबाजूंनी पसरत चालले असताना त्याच्या मध्यभागी आणखी गगनचुंबी इमारती बांधत राहणे योग्य आहे का? उंच इमारती झाल्या की शहराचे पसरणे आपोआप थांबेल, असे काही जण म्हणतात. जागा मुबलक असताना इतके उंच जायचे कशाला, असे इतर काही जण विचारतात. यातले काय ग्राह्य मानावे?

उत्तर : उंची वाढली की दाटीही तितकीच वाढते, हे या दोन्ही मतांनी गृहीत धरलेले आहे, आणि ते खरे नाही. पॅरिस शहराची हद्द सुमारे 105 चौरस किलोमीटरची आहे. तेवढ्यात जवळपास 21 लाख लोक राहतात आणि त्यांतील बहुतेकांची घरे सहा-सात मजली इमारतींत आहेत. 1973 मध्ये पूर्ण झालेला, सुमारे 210 मीटर उंचीचा मोंपार्नास मनोरा पॅरिसकरांना इतका खटकला, की 1977 मध्ये तिथे नव्या इमारतींवर 37 मीटरची कमाल मर्यादा घालण्यात आली. मध्यंतरी ती सैल झाली आणि 2023 मध्ये पुन्हा लागू झाली. याउलट अमेरिकेतील ह्यूस्टनच्या मध्यभागी 305 मीटर उंचीचा, 75 मजली मनोरा 1982 पासून उभा आहे, त्याच्या आजूबाजूला इतरही अनेक टोलेजंग इमारती आहेत, आणि तरीही सुमारे 23 लाख वस्तीच्या त्या शहराला साडेसोळाशे चौरस किलोमीटरच्या आसपास जागा लागते.

याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. असे मनोरे मुख्यतः कार्यालयांचे असतात. तिथे दिवसभर बसणारा माणूस संध्याकाळी वीस-तीस किलोमीटरवरच्या आपल्या बैठ्या घराकडे मोटारीने परततो. मनोरा जितका मोठा, तितके अधिक लोक असा प्रवास करतात, तितके रुंद महामार्ग लागतात, आणि महामार्ग रुंद झाले की आणखी दूर घर घेणे सोयीचे होते. म्हणजे ज्या मनोऱ्याकडून पसरण्याला आळा बसेल असे वाटते, तोच त्याला हातभार लावतो.

ह्यूस्टनमध्ये आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तिथल्या मध्यभागातील अनेक इमारती जमिनीखालून सुमारे 10 किलोमीटर लांबीच्या वातानुकूलित भुयारी मार्गांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. उन्हापावसात ती सोय चांगलीच, पण दुपारच्या सुट्टीत जेवणाच्या रांगा जमिनीखाली लागतात आणि वर पदपथावर तुरळक माणसे दिसतात. शनिवार-रविवारी तर भुयारांचा बहुतेक भाग बंदच असतो. रस्त्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान नाही, आणि दुकान नाही म्हणून चालणारा माणूस नाही, अशी ही अवस्था आहे.

मात्र माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान मनोऱ्याच्या शेजारच्या भूखंडावर होते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. समजा, एखाद्या शहराच्या मध्यभागाला येत्या काही वर्षांत साधारण साठ मजल्यांइतकी नवी जागा लागणार आहे. ती सगळी उपलब्ध दहा भूखंडांपैकी एकावरच एकावर एक रचली, तर तेवढ्या काळाची मागणी तिथेच संपते आणि उरलेल्या नऊ भूखंडांवर पैसे घेऊन मोटारी उभ्या करण्याखेरीज मालकाला काही करण्याजोगे राहत नाही. त्याला त्याची घाईही नसते, कारण शेजारचा मनोरा पाहून आपल्याही जागेला कधीतरी तसाच भाव येईल, अशी आशा त्याला लागलेली असते, आणि त्या आशेपायी सहा मजल्यांची इमारत बांधणाऱ्याला परवडेल अशा दराने तो जमीन विकत नाही. तीच साठ मजल्यांची जागा सहा-सहा मजल्यांच्या दहा इमारतींत विभागली असती, तर दहा भूखंड भरले असते, तळमजल्यांवर दुकाने आली असती आणि रस्त्याला सलग दोन बाजू मिळाल्या असत्या.

मला स्वतःला उंच इमारती पाहायला आवडतात, हे इथे कबूल करतो. फजलूर खान या अभियंत्याने इमारतीच्या बाहेरच्या भिंतींनाच नळीसारखे बळकट करून वाऱ्याचा दाब पेलण्याची जी रीत रूढ केली, तिच्यामुळे शिकागोतील 442 मीटरचा मनोरा 1970 च्या दशकात शक्य झाला. ती बुद्धी थक्क करणारी आहे. तरीही उंची वाढते तसे वाऱ्यासाठी पोलाद वाढते, पाणी वर चढवण्याचा खर्च वाढतो, आणि लिफ्टच इतक्या लागतात की प्रत्येक मजल्याच्या मधली बरीचशी जागा त्यांनाच द्यावी लागते. जमीन खरोखरच दुर्मिळ असेल, तर हा खर्च समजू शकतो. पसरलेल्या शहराच्या मध्यभागी, जिथे शेजारी मोकळे वाहनतळ आहेत, तिथे तो समजत नाही.

म्हणून सरसकट बंदी घालावी, असे मी म्हणणार नाही. व्हँकूव्हरने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून मध्यभागात मुख्यतः राहती घरे आणली : खाली दुकाने व घरे असलेला बुटका पाया आणि त्यावर सडपातळ मनोरा. त्या शहराच्या मध्यभागातून द्रुतगती महामार्गही गेलेला नाही. घरे आणि रेल्वे यांच्या सोबतीने आलेला मनोरा मान्य करावा. निव्वळ कार्यालयांच्या मनोऱ्याला मात्र, आसपासचे वाहनतळ भरेपर्यंत, परवानगी देऊ नये.

प्रश्न : मग आधीच बांधून झालेल्या आणि रिकाम्या पडलेल्या कार्यालयांचे काय करावे?

उत्तर : त्यांची घरे करावीत, पण ते वाटते तितके सोपे नाही. तेलाचे भाव 2014 नंतर कोसळल्यावर कॅनडातील कॅल्गरी या पसरलेल्या शहरात मध्यभागातील कार्यालये मोठ्या प्रमाणावर ओस पडली. अशा इमारतींचे घरांत रूपांतर करण्यासाठी तिथल्या पालिकेने 2021 पासून दर चौरस फुटाला 75 डॉलरपर्यंत अनुदान दिले. अनुदान लागते, कारण कार्यालयाचा मजला फार खोल असतो : खिडकीपासून मधल्या लिफ्टपर्यंतचे अंतर कित्येकदा बारा-पंधरा मीटर असते. खिडकीशी झोपण्याची खोली आणि बैठक बसवली, की आतल्या अंधाऱ्या पट्ट्यात न्हाणीघर आणि सामानाची खोली यांखेरीज काही ठेवता येत नाही. शिवाय कार्यालयात नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मधल्या एकाच जागी असतात, त्या प्रत्येक घरापर्यंत नेण्यासाठी मजल्यामजल्यावर काँक्रीटला भोके पाडावी लागतात, आणि खिडक्या तर उघडण्यासाठी बनवलेल्याच नसतात. त्यामुळे आधी अरुंद मजल्यांच्या जुन्या इमारती निवडाव्यात. अशा इमारती सहसा सर्वांत उंच नसतात.